काट्यावरचे ईमान

कापसाचा हंगाम लागला की अकोला-अमरावतीच्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्यांची रांग दिसू लागते. जिनिंगच्या आवारात ग्रेडर येतो, ढिगात खोलवर हात घालतो, आतला मूठभर कापूस काढतो आणि ओलावा यंत्रावर मोजतो. सीसीआयच्या हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो. पुढे ओलाव्याच्या प्रमाणात भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांवरचा कापूस घेतलाच जात नाही. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस ओला असणारच. पण वजन वाढावे म्हणून रात्री त्यावर पाणी मारणारेही असतात, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

ढिगात शिरलेला तो हात पाहिला की सहीह मुस्लिममधली एक हदीस आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी आत हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. प्रेषितांनी (स.) विचारले की मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे त्यांनी बजावले. पाऊस त्या माणसाच्या हातात नव्हता. ओल लपवणे मात्र त्याच्या हातात होते.

ईमान म्हणजे काय, हे आपण मुलांना तोंडपाठ करवतो: अल्लाह, फरिश्ते, ग्रंथ, प्रेषित, आखिरत आणि तकदीर यांवर विश्वास. हा पाया आहेच. पण ज्या अरबी धातूतून ईमान हा शब्द आला, त्यातूनच अमन, अमीन आणि अमानत हे शब्दही आले. मराठीतली 'अनामत' ही त्या अमानतचीच बहीण. मक्केचे लोक प्रेषितांना (स.) नबुव्वतच्या आधीपासून अल-अमीन म्हणत. पुढे तेच शहर त्यांच्या जिवावर उठले, तरी लोकांच्या ठेवी त्यांच्याकडेच होत्या. हिजरतच्या वेळी त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. वैऱ्याचीही अमानत बुडवायची नाही, हा त्यांचा दाखला.

कुरआनच्या ८३व्या सूरहचे, अल-मुतफ्फिफीनचे, नावच मापात मारणाऱ्यांवरून आहे. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे, अशांना त्यात इशारा आहे. म्हणजे पाणी मारणारा शेतकरी आणि काट्यात मारणारा व्यापारी, दोघेही त्यात आले. लगेच पुढे प्रश्न येतो: आपल्याला एक दिवस पुन्हा उठवले जाणार, हे यांच्या मनात येत नाही का? आखिरतवरचा विश्वास आणि तराजू कुरआनने असे शेजारी ठेवले आहेत.

आता एक घरची गोष्ट. काटा घरातही असतो, तिथे यंत्र घेऊन कोणी येत नाही. माझे दादा वारले तेव्हा बारा एकर कोरडवाहू शेती होती. दादी आधीच गेल्या होत्या. मागे अब्बा आणि फुप्पी अशी दोनच अपत्ये. सूरह अन-निसाप्रमाणे मुलाला दोन भाग, मुलीला एक. म्हणजे चार एकर फुप्पीचे. फुप्पीने हक्कसोडपत्रावर सही केली. 'राजीखुशीने सोडले,' असे सगळे म्हणाले. अब्बा पाच वक्तचे नमाजी. कापसाला त्यांनी कधी पाण्याचा थेंब मारला नाही. म्हातारपणी मात्र एका रात्री ते अम्मीला म्हणाले, "आपाने सही केली, पण तिला विचारलं कोणी?"

दुसऱ्या दिवशी ते आम्हा भावांना घेऊन फुप्पीकडे गेले. ती आधी नकोच म्हणाली. मग पदर डोळ्यांना लावून बोलली, "माहेर तुटेल म्हणून सही केली होती रे." चार एकर तिच्या नावावर झाले. आमचा कापूस कमी झाला, आणि त्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी आम्हाला कर्जही काढावे लागले. पण ईदला फुप्पी चार दिवस राहायला आली. इतक्या वर्षांत ती कधी एका रात्रीपेक्षा जास्त थांबली नव्हती.

वाचक बंधू-भगिनींनो, बहीण खरोखर आपल्या मर्जीने हिस्सा देत असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण आधी तो तिच्या नावावर चढू द्या, तिच्या हातात येऊ द्या. मग काय करायचे ते तिला ठरवू द्या. सही आधी आणि विचारणे नंतर, हा उलटा हिशोब आहे.

आपल्या घरच्या ढिगातही कुठे ओल दडलेली असेल. कोणाची उसनवारी, कोणाची मजुरी, कोणाचा हिस्सा. मोजदादीचा दिवस येण्याआधी आपणच आत हात घालून पाहू या. अल्लाह आपल्या सर्वांना तशी तौफीक देवो. आमीन.