मोती निघाला विलायतेला!

बालमित्रांनो, समजा मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही लंडनला मावशीकडे निघालात. मोतीलाही न्यायचंय? मग तयारी नाताळातच सुरू करा!

आधी मोतीच्या मानेजवळ, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवायची. तिच्यातला १५ आकडी क्रमांक हीच त्याची ओळख. त्यानंतर रेबीजची लस. क्रम उलटला, तर ती लस धरतच नाहीत! लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासायला द्यायचं. निकाल चांगला आला, तरी रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबायचंच. म्हणजे १ जानेवारीला लस टोचली, तर मे उजाडला की नाही?

एवढा खटाटोप कशाला? कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली, की रोगी वाचणं जवळजवळ अशक्य. म्हणून पूर्वी ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या कुत्र्याला ६ महिने वेगळं कोंडून ठेवत. २००० सालापासून हे नियम हळूहळू सैल झाले.

प्रवासाच्या पेटीत मोतीला उभं राहता, वळता, नीट झोपता आलं पाहिजे. ती महिनाभर आधीच घरात ठेवा, त्याला तिच्यातच जेवू घाला. कारण विमानात तो तुमच्या पायाशी नसणार, मालाच्या कक्षात एकटाच असणार.

आता खरा प्रश्न. मोती म्हातारा असेल, घाबरट असेल तर? मग त्याला आजीजवळ ठेवून जाणं हेही प्रेमच, नाही का?