सीट मिळाली... पण घरात!

नालासोपाऱ्यात राहणाऱ्याला 'ऑफिस किती लांब?' असं विचारून बघा. तो किलोमीटर सांगणार नाही. 'चर्चगेट फास्टने सव्वा तास, तोही उभ्याने!' असं म्हणेल. बसायला हवंय? मग आधी उलटं विरारला जा आणि तिथून सीट पकडून परत या. स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा धरली, तर जाऊन-येऊन रोजचे ३ तास कुठेच गेले नाहीत. २५ दिवसांचे झाले ७५ तास. म्हणजे महिन्यातले पूर्ण ३ दिवस आणि वर थोडं!

अशा माणसाला वर्क फ्रॉम होम म्हणजे लॉटरीच. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि ही लॉटरी लागली, पण सगळ्यांना नाही. जूनमध्ये लोकल पुन्हा धावली, ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. बाकीच्यांची मदार एसटीवर. २२ जुलै २०२० ला नालासोपाऱ्यात एसटीही मिळेना, तेव्हा वैतागलेले प्रवासी थेट स्टेशनात घुसले, रुळांवर उतरले. मागणी एकच, आम्हालाही लोकलमध्ये घ्या! दुकानाचा काउंटर किंवा कारखान्यातलं मशीन घरी आणता येत नाही ना!

आणि ज्यांना काम घरी आणता आलं, ते? नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने बीपीओंसाठीचे नियम सैल केले, घरून काम करणं सोपं झालं. घर मात्र तेवढंच राहिलं. वन रूम किचनमध्ये आईची सिरियल, कुकरच्या शिट्ट्या, धाकट्याचा अभ्यास आणि तुमचा क्लायंट कॉल! जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, तेव्हा 'ट्रेन बंद आहेत' एवढा एक फोन पुरला होता. घरून काम करताना ती सोय नाही. बाहेर गुडघाभर पाणी असलं तरी लॉगिन व्हायचंच!

खरा प्रश्न वेगळाच आहे. ते वाचलेले ३ तास कोणाचे? 'प्रवास वाचतोय ना, मग एवढं करून टाक' असं बॉस सहज म्हणतो, आणि आपणही रात्री नऊला मेल उघडतो. हायब्रिडवाल्यांनो, घरच्या दिवशी लॅपटॉप बंद करायची वेळ ठरवा आणि ती टीमला कळवून टाका.

विरार लोकलमध्ये बोरिवलीवाल्याला चढू न देणारे आपण, ऑफिसला मात्र आपल्या संध्याकाळीत खुशाल घुसू देतो. तिथेही जरा दार अडवायला शिका की!