दिव्यांग मुलाचा पहिलीचा प्रवेश वर्षभर लांबवावा का?

विदर्भातील शाळा जूनअखेरीस भरतात आणि पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावीत, असा राज्याचा निकष आहे. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल साडेपाचव्या वर्षीच वर्गात बसते, आणि ते शौचाची सूचनाही देत नसेल, तर वर्षभर थांबणे रास्तच ठरते. जानेवारीत जन्मलेल्या मुलाचे तसे नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 4 नुसार उशिरा आलेले मूल वयानुरूप, म्हणजे वयाला साजेशा इयत्तेत दाखल होते आणि पहिलीच हुकू शकते. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे प्रमाणित 40 टक्के वा अधिक, असल्यास 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षापर्यंत राहतो. थांबण्याचा खरा तोटा निराळाच. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना वाचा-उपचार, म्हणजे उच्चार व भाषेचा तज्ज्ञांकडील सराव, हाकेच्या अंतरावर नसतो, अंगणवाडी सहाव्या वर्षी संपते आणि थांबलेले मूल नुसते घरी बसते. उपचाराची सोय आधी लागलेली नसेल, तर थांबू नये. ‘पुढच्या वर्षी आणा’ म्हणून दिव्यांगत्वामुळे प्रवेश नाकारण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही.