मळ्या मासा व त्याचें कुळ

शेततळ्यांत मासे पाळावयाचें मनांत आलें म्हणजे कित्येक शेतकरी गांवच्या ओढ्यांतून बोटाएवढे मासे धरून आणतात व तळ्यांत सोडतात. मासा लहान, त्याअर्थीं तें पिलूंच, असा त्यांचा समज असतो. परंतु कांहीं जाती पुरत्या वाढल्या तरी लहानच राहतात. म्हणून मासा कोणत्या जातीचा हें आधीं ओळखलें पाहिजे.

दख्खनच्या ओढ्यांतील मळ्या हें याचें उत्तम उदाहरण होय. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३९ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि मराठी नांवच शास्त्रीय नांवांत घालून त्यास 'काँड्रोस्टोमा' वंशांत बसविलें. पुढें तो 'गारा' वंशांत गेला. या वंशांतील भारतीय माशांची छाननी डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९२१ सालीं केली. मळ्याचें आजचें शास्त्रीय नांव 'गारा मुल्या' असें आहे.

रोहू, कटला, मृगळ आणि मळ्या हे चारही मासे एकाच 'सिप्रिनिडी' कुळांतील होत. पण कुळ एक म्हणून वाढ एक, असें होत नाहीं. गहूं, ऊस व हरळी हीं तिन्ही एकाच तृणकुळांतील. तरी हरळी लावून कोणास ऊस मिळाला नाहीं. चांगली निगा राखल्यास रोहू वर्षभरांत अर्धा ते एक किलो भरतो. मळ्या सहसा सहा-सात इंचांपलीकडे जात नाहीं.

मळ्याची खूण सोपी आहे. मासा उताणा धरून पाहावा. तोंडाच्या मागें, हनुवटीवर, वाटोळी मांसल चकती दिसते. तिच्या योगानें तो वाहत्या पाण्यांत दगडास चिकटून राहतो व त्यावरील शेवाळ खातो. रोहूच्या हनुवटीवर अशी चकती नसते. त्याचे ओठ झालरीसारखे असतात. कटल्याचें डोकें मोठें, तोंड वर वळलेलें व मिशा मुळींच नसतात.

ही परीक्षा न केल्यास वर्षाचें पाणी व खाद्य वायां जातें. यास्तव बीज खात्रीच्या मत्स्यबीज केंद्रांतूनच आणावें आणि सोडण्यापूर्वीं मूठभर मासे उताणे करून पाहावे. मळ्या ओढ्यांतच राहूं द्यावा. खडकाळ, वाहतें पाणी हेंच त्याचें घर होय.