बोरातली अळी

संक्रांत जवळ आली की बोरे पिकतात. लहानमोठी सर्वच माणसे ती आवडीने खातात. पण गोड बोर फोडावे, आणि आत पांढरी अळी वळवळताना दिसावी! मग तोंडाची चवच जाते. बाजारात अशा बोरांना भावही येत नाही.

पुष्कळ लोक म्हणतात, "बोर पिकले की आत अळी आपोआप होते." हे खरे नाही. अळी आपोआप होत नाही. एक लहान माशी असते. ती घरातल्या माशीहून बारीक, पिवळसर तपकिरी असते. तिच्या पंखांवर पट्टे असतात. बोर वाटाण्याएवढे झाले की ती त्याच्या सालीखाली अंडी घालते. अंड्यातून अळी निघते. ती आतला गर खाते आणि तिथेच घाण करते. पोट भरले की सालीला भोक पाडून बाहेर येते, मातीत शिरते आणि कोष करते. त्या कोषातून पुन्हा माशी निघते. असे हे चक्र चालते.

हे चक्र आपण तोडायला हवे. त्याचे उपाय सोपे आहेत :

१. झाडाखाली पडलेली किडकी बोरे रोज वेचावी. ती उकिरड्यावर टाकू नयेत. तिथेही कोष होतात. दोन फूट खड्ड्यात पुरून वर माती दाबावी.

२. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन नांगरावी किंवा खणावी. कोष वर येतात. काही उन्हाने मरतात, काही पाखरे टिपतात.

३. बांधावरच्या रानबोरींकडेही लक्ष ठेवावे. माशी तिथेही वाढते.

काही जण फळ पिकल्यावर औषध फवारतात. त्या वेळी अळी आत बसलेली असते. तिला औषध लागत नाही, पण खाणाऱ्याच्या पोटात मात्र विष जाते. फवारल्यावर किती दिवस फळ तोडू नये, हे औषधाच्या डब्यावर छापलेले असते. आता आपल्याला वाचता येते. तो आकडा वाचावा, आणि तेवढे दिवस थांबावे.

घरात बोरे आणली की स्वच्छ पाण्याने दोनतीनदा चोळून धुवावी. भोक पडलेली, मऊ झालेली, बुरशी आलेली बोरे बाजूला काढावी. बाकीची फोडून, पाहून मगच खावी. स्ट्रॉबेरी, तुती अशी मऊ फळे थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवावी. पुष्कळ अळ्या बाहेर येतात. मग फळे साध्या पाण्याने धुवावी.

चुकून एखादी अळी पोटात गेली तर भिऊ नये. ती विषारी नसते. सडक्या फळाने मात्र पोट बिघडते. कापलेले फळ उघडे ठेवू नये. घाणीवरच्या माश्या त्यावर बसतात आणि हगवण होते.

आणखी एक गोष्ट आम्ही सांगतो. बोरन्हाणाच्या वेळी तान्ह्या मुलाच्या हाती अख्खे बोर देऊ नये. बी घशात अडकून जीव जाऊ शकतो. गर काढून, कुस्करून भरवावा.

झाड एकाचे असले तरी माशी साऱ्या गावाची असते. एकट्याने बोरे वेचून भागत नाही. शेजाऱ्यालाही हे वाचून दाखवा.