युनिटचा भाव आणि वस्तीचे बिल

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग भरतो. मी गणिताचा मास्तर. निवृत्त झालो तरी खडू सुटलेला नाही. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी कॉलेजात शिकणारा एक कार्यकर्ता तावातावाने उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, गोव्यात शंभर युनिटांपर्यंत दोन रुपयांच्या आत भाव आहे. दिल्लीत दोनशे युनिटांपर्यंत बिलच येत नाही. आपल्याकडे मात्र लूट. यावर मोर्चा काढू."

मोर्चाला माझी ना नव्हती. पण तेवढ्यात मागच्या रांगेतून धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी उठल्या. हातात बिलाची घडी. "गुरुजी, मोर्चाचं मागून बघू. माझ्याकडं दोन बल्ब, एक पंखा. तीस युनिट जळाले म्हणतात. मग साडेतीनशे रुपये कशाचे?"

मुलाचा प्रश्न एका राज्याचा भाव दुसऱ्या राज्याच्या भावाशेजारी ठेवण्याचा होता. मावशींचा प्रश्न एकाच राज्यातल्या, एकाच खांबावरच्या दोन घरांचा होता. मला दुसरा प्रश्न अधिक मुळाशी जाणारा वाटला. म्हणून आम्ही आधी फळ्यावर मावशींचे बिल मांडले.

महावितरणचे २०२४-२५ या वर्षाचे घरगुती दर घेतले. पुढे दर बदलले, पण बिलाची घडण तीच आहे. त्या वर्षी पहिल्या शंभर युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता. १०१ ते ३०० या टप्प्यात तो १० रुपये २९ पैसे, म्हणजे दुपटीहून जास्त. प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा. एक-फेज जोडणीला महिना १२८ रुपये स्थिर आकार. दिवा लावा की अंधारात बसा, तो द्यावाच लागतो. आणि या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यामहिन्याला बदलतो म्हणून तो बाजूला ठेवला.

तीस युनिटांचे वीज आकारापोटी १४१ रुपये ३० पैसे झाले. वहन आकार ३५ रुपये १० पैसे. त्यात स्थिर आकार मिळवला की ३०४ रुपये ४० पैसे. त्यावर शुल्क धरून ३५३ रुपये १० पैसे. मावशींना एक युनिट पडले ११ रुपये ७७ पैशांना.

आता ज्या बंगल्यात मावशी भांडी घासतात तिथे महिन्याला अडीचशे युनिटे लागतात असे धरू. फ्रीज आहे, धुण्याचे यंत्र आहे, पाणी चढवायची मोटर आहे. त्याच दराने त्यांचे बिल होते २,८२४ रुपये ६० पैसे. भागाकार केला तर युनिट पडते ११ रुपये ३० पैशांना. वर्गात दोन मिनिटे कोणी बोलले नाही. टप्प्यांची रचना जास्त वापरणाऱ्याने जास्त भाव द्यावा म्हणून केलेली आहे. दरपत्रकात ती तशीच दिसते. पण स्थिर आकार सगळ्यांच्या डोक्यावर सारखा बसवल्यामुळे सर्वांत कमी वीज जाळणाऱ्या घराला युनिट महाग पडते. ही गोष्ट दरपत्रक वाचून कळत नाही. बिलाला युनिटांनी भागले तरच कळते. कार्यकर्त्यांनी हा भागाकार पाठ करावा.

कोणी म्हणेल, गरिबांसाठी वेगळा वर्ग आहे की! आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांचा वर्ग महाराष्ट्रात आहे आणि त्याचा दर फारच कमी असतो. त्याला अटी दोन: मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत आणि वर्षाचा वापर ३६० युनिटांपर्यंत. पाव किलोवॅट म्हणजे २५० वॅट. दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही यात बसतो. कपड्याची इस्त्री बसत नाही. मावशींचा वापर बसत होता, पण बिलावर मंजूर भार छापला होता एक किलोवॅट. जोडणी घेताना अर्ज कोणी भरला, भाराचा आकडा कोणी घातला, त्यांना आठवत नाही. त्या एका आकड्याने त्या सवलतीच्या वर्गाबाहेर राहिल्या.

दुसरे गणित भाडेकरूंचे. हे मला फळ्यावर मांडताना जड गेले, कारण मी ते जगलो आहे. शिकत असताना मी एका शहरात खोली घेऊन राहत होतो. घरमालकाच्या एका मीटरवर आम्ही तीन बिऱ्हाडे. आडनाव सांगून खोली मिळाली याचेच अप्रूप होते, त्यामुळे विजेचा हिशोब विचारण्याची छाती नव्हती. दिव्याचे इतके, पंख्याचे इतके आणि रात्री दहाला दिवा बंद. परीक्षेच्या दिवसांत मी रस्त्यावरच्या खांबाखाली बसून वाचले. यात पराक्रम काही नाही. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी तसेच वाचले.

आज त्या तीन बिऱ्हाडांचा हिशोब करू. प्रत्येकी ऐंशी युनिटे. स्वतंत्र मीटर असतील तर २०२४-२५ च्या दराने प्रत्येकी सुमारे ६९४ रुपये, तिघांचे मिळून २,०८२. तीच २४० युनिटे एका मीटरवर फिरली की १४० युनिटे वरच्या टप्प्यात जातात आणि बिल होते २,६९२. महिन्याला सहाशे रुपयांचा फरक, वीज तेवढीच. घरमालकाने एक पैसा नफा घेतला नाही असे समजूनचा हा आकडा आहे. समजायचे की नाही ते वाचकांनी आपल्या अनुभवावरून ठरवावे. एका छताखाली तीन भाऊ आणि एक मीटर ही तर आपल्या वस्त्यांतली नेहमीची स्थिती. टप्प्याटप्प्याचे दर कुटुंबाला पाहत नाहीत, मीटरला पाहतात. ज्याच्या नावावर जागा नाही त्याच्या नावावर मीटर नाही, आणि ज्याच्या नावावर मीटर नाही त्याला कोणतीही सवलत लागू नाही.

दिल्लीची दोनशे युनिटे ऑगस्ट २०१९ पासून फुकट झाली. पण भाडेकरूला त्याचा उपयोग होईना म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरात भाडेकरूंसाठी वेगळ्या मीटरची योजना काढावी लागली. तिथल्या सरकारच्या ध्यानात ही गोष्ट महिन्याभरात आली, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. राज्याराज्यांचे भाव शेजारी मांडताना पहिली चूक होते ती टप्प्यांत. तमिळनाडूत बिल दोन महिन्यांचे असते. २०१६ पासून प्रत्येक घरगुती ग्राहकाला शंभर युनिटे फुकट, पण ती दोन महिन्यांत. म्हणजे आपल्या हिशोबाने महिन्याला पन्नास. कर्नाटकात २०२३ साली गृहज्योती योजना आली तेव्हा दोनशे युनिटांपर्यंत बिल माफ असे सांगितले गेले. प्रत्यक्षात नियम असा होता की घराचा २०२२-२३ मधला सरासरी वापर काढायचा आणि त्यावर दहा टक्के मिळवून तेवढी वीज माफ करायची. ज्याने आजवर दीडशे युनिटे जाळली त्याला १६५ माफ. ज्याने परवडत नाही म्हणून तीसच जाळली त्याला ३३ माफ. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना महिन्याला दोनशे युनिटांपर्यंत मोफत वीज जाहीर केली. तिथे निदान घटक नाव घेऊन धरला आहे. महाराष्ट्रात २०२१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने जीवन प्रकाश योजना निघाली. ती भावाची नव्हती, जोडणीची होती: अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदाराने पाचशे रुपये अनामत भरायची, तीही पाच हप्त्यांत, आणि जोडणी घ्यायची. चांगली गोष्ट. पण जोडणी मिळाल्यावर पुढच्या महिन्यापासून स्थिर आकार सुरू होतो, त्याचे काय, हे त्या योजनेत नव्हते.

मग गोवा स्वस्त का? सिंधुदुर्गात बांद्याला उभे राहिले तर पलीकडचा दिवा दिसतो आणि तो इतका स्वस्त जळतो याचे नवल वाटणे साहजिक आहे. गोव्यात वीज वितरण सरकारी खातेच करते. वेगळी कंपनी नाही. शेतीपंपांचा भार नगण्य. वीज मुख्यतः केंद्राच्या प्रकल्पांतून वाट्याने येते, आणि तूट पडली तर सरकारी तिजोरी भरते. महाराष्ट्रात चित्र उलटे. लाखो शेतीपंप, त्यांचा दर खर्चाहून कमी, आणि ती तूट उद्योग, व्यापारी आणि वरच्या टप्प्यातले घरगुती ग्राहक यांच्याकडून वसूल करण्याची जुनी रीत. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारने वीज मोफत केली आणि तो भार तिजोरीवर घेतला.

इथे जरा थांबावेसे वाटते. शेतकऱ्याला वीज मिळू नये असे माझे म्हणणे नाही. कोरडवाहू तुकड्यावर मरणारा शेतकरी आमचा सोयरा आहे. पण पंप कोणाचा? ज्याची विहीर त्याचा. विहीर कोणाची? ज्याची जमीन त्याची. भूमिहीन मजुराच्या घरात पंप नसतो, फक्त दिवा असतो. पंपाची वीज माफ आणि दिव्याची नाही, अशी रचना झाली की विजेच्या हिशोबात जमिनीचा हिशोब आपोआप शिरतो, आणि जमिनीचा हिशोब म्हणजे जातीचा हिशोब हे या पानांच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

वीज कुठे तयार होते आणि कुठे जळते, हाही प्रदेशांच्या तुलनेतला दुर्लक्षिलेला भाग. मुंबईच्या गिरण्या आणि गाड्यांसाठी टाटांनी सह्याद्रीत धरणे बांधली. खोपोलीचे वीजघर १९१५ चे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ ला सत्याग्रह केला, तरी खोरे बुडाले. पुढे कोयना झाली, चंद्रपूर आणि कोराडी झाली. चंद्रपूरची राख तिथल्या लोकांनी खायची. महावितरणचा घरगुती दर मात्र गडचिरोलीला तोच आणि ठाण्याला तोच. हे समान दर ऐकायला न्याय्य वाटतात. पण मधल्या वर्षांतले भारनियमन आठवा. खेड्यात बारा-बारा तास अंधार होता तेव्हा, २००६ मध्ये, पुण्यात जादा आकार देऊन भारनियमनमुक्त शहराचा प्रयोग झाला. नंतर वाहिन्यांचे गळती आणि वसुलीप्रमाणे गट पाडले गेले आणि ज्या वाहिनीवर थकबाकी जास्त तिथे अंधार जास्त. नियमित बिल भरणारी मावशीही त्याच वाहिनीवर. सामुदायिक दंड हा आपल्या समाजाला नवा नाही.

आणि दराच्याही आधीचा प्रश्न आहे तारेचा. १९९७ पर्यंत सरकारी व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत. पाटलाच्या मळ्यात एक मोटर चालली की गाव उजळले. महारवाड्यात रॉकेलची चिमणी असली तरी हरकत नाही. १९९७ मध्ये मोटर सोडून वस्तीत वीज हवी असे ठरले. पण वस्ती म्हणजे कोणती, ते लिहिले नव्हते. २००४ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली: निदान दहा टक्के घरांत वीज हवी, शाळा-पंचायतीत हवी, आणि रोहित्र व तारा गावठाणाइतक्याच दलित वस्तीतही पोचलेल्या हव्यात. स्वातंत्र्यानंतर सत्तावन्न वर्षांनी कागदावर दलित वस्ती हा शब्द आला. तो यावा लागला यातच आधीच्या आकड्यांचा पंचनामा आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे खाते त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ च्या भाषणात त्यांनी मांडलेली साखळी आजही सरळ आहे: शेतीवर माणसांचा बोजा फार, तो उतरवायला उद्योग हवेत, उद्योगांना वीज हवी, आणि ती स्वस्त व भरपूर हवी. वीज खाजगी हाती असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच समितीपुढे ठेवला होता. आम्ही त्यांच्या जयंतीला विहारावर रोषणाई करतो; त्यांचे विजेवरचे भाषण वर्गात वाचलेले मला तरी त्या रविवारपर्यंत आठवत नव्हते.

दर ठरवण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाकडे असतो. २००३ च्या कायद्याप्रमाणे दरवाढीचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात, सुनावणी होते. उद्योगवाल्यांच्या संघटना तिथे वकील आणि तक्ते घेऊन येतात. स्थिर आकार तीस युनिटांच्या घराला किती जाचतो, हे तिथे कोण मांडणार? त्यासाठी घोषणांपेक्षा बिले लागतील. म्हणून त्या तरुण कार्यकर्त्याला मी काम दिले: वस्तीतल्या प्रत्येक घराचे बारा महिन्यांचे बिल, मंजूर भार, मीटर कोणाच्या नावावर, त्यावर बिऱ्हाडे किती, आणि एकूण रक्कम भागिले युनिटे. त्याने आजवर एकेचाळीस घरे केली आहेत. त्यातल्या नऊ घरांचे मीटरच दुसऱ्याच्या नावावर निघाले.

मावशींचा मंजूर भार कमी करण्याचा अर्ज मी लिहून दिला. पोच घेतली आहे. उत्तर अजून आलेले नाही. बिल मात्र आले.