ठिणगीचा नेमका क्षण : जुन्या फियाटच्या टायमिंगविषयी

सोलापूरच्या जैन कुटुंबात 1882 साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत भारतीय उद्योगाचा पाया घातला. त्यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 बाहेर पडू लागली. 1964 मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले आणि सत्तरच्या दशकात तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. तरीही अनेक व्यापारी घरांच्या वाड्यात वा गोदामाच्या कडेला आजोबांच्या हातची फियाट आजही उभी आहे.

दसऱ्याला तिला हार घातला जातो, रंगही चकाकता ठेवला जातो. मात्र चढावर ती दम टाकते, लवकर तापते आणि पेट्रोल अधिक पिते. ‘आता वय झाले’ असे म्हणून विषय मिटविला जातो. पुष्कळदा यात वयाचा दोष थोडा आणि बिघडलेल्या टायमिंगचा मोठा असतो. हा दोष बिनखर्चाने दूर होण्यासारखा आहे. दुर्लक्षिला, तर मात्र इंजिन उघडण्याची पाळी येते.

क्षणाचे गणित

जैन दर्शनाने काळाच्या अविभाज्य अंशाला ‘समय’ म्हटले आहे. असंख्यात समय मिळून एक आवलिका होते. यंत्राचे माप इतके सूक्ष्म नसले तरी त्याचा हिशेब सामान्य घड्याळात मावत नाही. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या घेत असताना सेकंदाला 50 फेरे होतात आणि चार सिलिंडरांत मिळून 100 ठिणग्या पडतात. फेऱ्याचा एक अंश सरकण्यास सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागतो.

पेट्रोल व हवेचे मिश्रण ठिणगी पडताच एकदम पेटत नाही. ज्वाला पसरण्यास ढोबळमानाने सेकंदाचे दोन हजारांश भाग लागतात. तेवढ्यात 3000 फेऱ्यांच्या वेगाने दांडा 36 अंश फिरतो. 800 फेऱ्यांना मात्र दहा अंशही पुरे होत नाहीत. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते आणि वेग वाढेल तशी ती आणखी आधी पडावी लागते. ही वाढ डिस्ट्रिब्युटरमधील लहान वजने व स्प्रिंगा आपोआप करतात. मूळ आरंभबिंदू मात्र माणसालाच लावून द्यावा लागतो.

दोन टायमिंग, एक लय

इंजिनात दोन टायमिंग असतात. पहिले व्हॉल्व्हचे. फियाटमध्ये क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट साखळीने जोडलेले असून दोन्ही चक्रांवर खुणा कोरलेल्या असतात. साखळी बसविताना त्या खुणा परस्परांशी जुळल्याच पाहिजेत. एक दाता चुकला तरी व्हॉल्व्ह अवेळी उघडतात आणि नंतर ठिणगी कितीही सरकविली तरी गाडीत बळ येत नाही. एकदा नीट बसविलेले हे टायमिंग सहसा हलत नाही. साखळी ढिली होऊन वाजू लागली की तपासावे.

दुसरे ठिणगीचे. ते हळूहळू, नकळत सरकते. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची फायबरची टाच घासत जाते, पॉइंटमधील अंतर कमी होते आणि ठिणगी थोडी थोडी उशिरा पडू लागते. गाडी बंद पडत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. रोज एक पै कमी भरणाऱ्या गल्ल्यासारखा हा प्रकार आहे.

आधी किर्द, मग खतावणी

या कामात क्रम मोडून चालत नाही. पॉइंटचे अंतर बदलले की टायमिंग बदलते. म्हणून आधी अंतर, मग टायमिंग.

प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा व चारही प्लग काढावेत. पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने अंतर मोजून ते गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. पॉइंट जळून खड्डे पडले असल्यास नवेच घालावेत. नंतर रेडिएटरकडील पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या छिद्रावर अंगठा धरून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. हवेचा दाब अंगठ्याला जाणवला की तो कॉम्प्रेशनचा फेरा समजावा. मग पुलीवरील खूण पुस्तिकेत दिलेल्या अंशावर आणावी. खूण पुढे गेली तर बरेच मागे नेऊन पुन्हा सरळ दिशेनेच तिथवर यावे, म्हणजे साखळीतील ढिलाई हिशेबात शिरत नाही. या स्थितीत रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे असला पाहिजे. पुढील वायरींचा क्रम 1-3-4-2.

आता कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकास लहान दिवा जोडून त्याची दुसरी तार गाडीच्या बॉडीला लावावी आणि चावी चालू करावी. डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून तो आधी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने दिवा विझेपर्यंत वळवावा. मग उलट दिशेने अगदी हळू आणावा. दिवा लागला तो क्षण पॉइंट उघडल्याचा, अर्थात ठिणगीचा. तिथेच नट आवळून चावी लगेच बंद करावी. चावी चालू राहिल्यास कॉइल तापते. सरावलेल्या हाताला या साऱ्यास एका सामायिकाएवढा, म्हणजे 48 मिनिटांचा वेळ पुरतो.

लक्षणे आणि सावधगिरी

ठिणगी फार लवकर पडत असल्यास चढावर, भरल्या गाडीत, इंजिनातून खडखडाट येतो. ती धोक्याची घंटा होय. असेच चालविल्यास पिस्टनला इजा होते. ठिणगी उशिरा पडत असल्यास आवाज होत नाही, पण ओढ कमी होते, एक्झॉस्ट व पाणी अधिक तापते, पेट्रोल वाया जाते. अंदाजाने डिस्ट्रिब्युटर फिरवून तात्पुरता आराम मिळविण्याची सवय म्हणूनच घातक ठरते.

हँडल मारणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. टायमिंग अति पुढे असल्यास हँडल उलटे झटका देते आणि मनगट वा अंगठा मोडू शकतो. अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूस ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावे.

अप्रमाद हीच देखभाल

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप राखलेल्या खासगी वाहनांना 2021 पासून ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणीची तरतूद आहे. आजोबांच्या काही फियाट आता त्या वयाच्या झाल्या आहेत. कागद मिळतील, रंगही नवा होईल. परंतु कानाने खडखडाट ओळखणारे, दिव्याच्या उजेडात पॉइंट लावणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. घरातील एखाद्या नातवाने वा नातीने त्यांच्याशेजारी दोन-चार वेळा उभे राहून हे काम शिकून घ्यावे. फिलर गेज, दिवा आणि पुस्तिका गाडीतच ठेवावी. पॉइंट केव्हा तपासले त्याची नोंद वहीत तारीखवार करावी.

व्यापार बुडतो तो क्वचितच एका दिवसात. न पाहिलेल्या लहान फरकांनी बुडतो. इंजिनाचेही तसेच आहे. प्रमाद टाळून ठरल्या वेळी वही उघडणाऱ्या घरात शेठ वालचंदांच्या कारखान्यातील ती गाडी पुढच्या पिढीलाही चढ चढून दाखवील.